उपकेंद्रातल्या सीएचओंबद्दल डॉक्टरांना खरंच काय वाटतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं बीएस्सी नर्सिंग झालंय, समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) म्हणून आदिवासी तालुक्यातल्या उपकेंद्रात नेमणूक झालीय, आणि रुजू होण्याआधीच तिथल्या एका डॉक्टरांनी "हे अर्धे डॉक्टर गावाला बुडवणार" असं तुमच्या तोंडावर ऐकवलंय. इंग्लंडमध्ये पॅरामेडिक फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसून रुग्ण तपासतात, मग आपल्याच डॉक्टरांना एवढा त्रास का होतो, असंही तुम्ही विचारलंय.

मी एमबीबीएस. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) ११ वर्षं मेडिकल ऑफिसर (एमओ) होतो, त्यातली शेवटची ४ वर्षं सीएचओंबरोबर काढली. आता त्याच भागात, तालुक्याच्या गावी माझा छोटा दवाखाना आहे. सीएचओंच्या चिठ्ठ्या आधी सरकारी टेबलावर यायच्या, आता खाजगी टेबलावर येतात. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, "डॉक्टरांना काय वाटतं" याला एकच उत्तर नाही. पीएचसीचा एमओ, गावात २० वर्षं दवाखाना चालवणारा बीएएमएस डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयातला फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ या तिघांची काळजी तीन प्रकारची असते. गावातल्या डॉक्टरला आपले रुग्ण जातील असं वाटतं, हे तो उघड म्हणणार नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरला उशिरा पाठवलेला रुग्ण दिसतो, वेळेवर पाठवलेला आणि बरा झालेला दिसतच नाही. एमओच्या डोक्यात मात्र एकच विचार असतो: उपकेंद्रात काही चुकलं तर सही कोणाची, चौकशी कोणाची? या तिन्हींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. उपकेंद्रात एकटी बसलेली मुलगी जो निर्णय घेईल, त्याच्यामागे कोण उभं आहे? जिथे याचं उत्तर नावासकट आणि फोन नंबरसकट देता येतं, तिथे मी डॉक्टरांचा विरोध विरघळताना पाहिलाय. जिथे देता येत नाही तिथे तो विरोध मला आजही रास्त वाटतो.

मी स्वतः विरोध केलेला माणूस आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आलं, ज्यात आधुनिक वैद्यकशास्त्राशी संबंधित मध्यम स्तरावरच्या लोकांना प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद होती. त्या विरोधात ३१ जुलैला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला. सरकारी नोकर म्हणून मी संपात नव्हतो, पण मनाने होतो. ते कलम मला आजही पटत नाही. परवाना हातात दिला आणि देखरेख कोणी करायची हे मोघम ठेवलं, तर मधल्या दरीत रुग्ण पडतो. तुमची नेमणूक त्या परवान्यासारखी नाही, हे मात्र लक्षात घ्या. तुम्ही आयुष्मान भारतच्या रचनेतला एक दुवा आहात, वर पीएचसी आहे आणि खाली आशा आहेत. त्या दुव्याला दोन्ही बाजूंनी ओढ हवी.

डॉक्टरांची भीती नुसती अहंकारातून येते असं समजू नका. छत्तीसगडमध्ये पीएचसीत प्रत्यक्ष रुग्ण तपासणाऱ्या वेगवेगळ्या लोकांची पारख एका अभ्यासात झाली होती. तिथे ३ वर्षांचा खास अभ्यासक्रम केलेले सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. डॉक्टर नाही म्हणून वेळ आली आणि खुर्चीत बसावं लागलं, असे नर्स आणि फार्मासिस्ट मात्र बरेच मागे राहिले. यातून मी दोन अर्थ काढतो. डॉक्टरची पदवी नसलेला माणूस प्राथमिक उपचार उत्तम करू शकतो. पण त्यासाठी त्याला निदान करायला शिकवावं लागतं. नर्सिंगच्या शिक्षणात रुग्णाची काळजी घ्यायला शिकवतात, ते फार मोठं शिक्षण आहे. पण "हे काय असू शकतं आणि यातलं जिवावरचं काय" असा विचार करण्याची सवय वेगळी, आणि ती सीएचओंच्या ६ महिन्यांच्या कोर्समध्ये पुरती लागत नाही. ती कामावर, कोणाच्या तरी शेजारी बसून लागते.

महाराष्ट्राला हे नवीन असायला नको. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायका तयार केल्या. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. त्या वेळी किती डॉक्टरांनी "इंजेक्शन आणि तेही गावातली बाई?" असं म्हटलं असेल! पण त्या बाईचं काम नेमकं ठरलेलं होतं, ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलं होतं, आणि तिच्या नोंदी तपासायला माणूस नेमाने येत होता. आपण त्या कामातून "बाईला सुई दिली" एवढंच उचललं आणि नेमाने येणारा माणूस विसरलो, तर फसगत ठरलेली.

आता माझ्याच पीएचसीतली गोष्ट सांगतो, कारण माझं मत तिथे बदललं.

एका उपकेंद्रातून ९ महिन्यांचं बाळ तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आलं. श्वास मिनिटाला ६४, छाती आत ओढली जात होती, दूध सोडलेलं. न्यूमोनिया. ऑक्सिजन लावून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, ६ दिवसांनी बाळ घरी गेलं. त्या संध्याकाळी मी त्या सीएचओला सगळ्या स्टाफसमोर बोललो. फार बोललो. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने उपकेंद्राची वही आणून माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिल्या दिवशीची नोंद होती: "श्वास ५८. एमओ सरांना फोन १०.२० ला, लागला नाही. १२.४५ ला, उचलला नाही. आईला पीएचसीत जायला सांगितलं, जीप उद्या."

२ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल तर तो वेगवान धरायचा, हे तिला माहीत होतं. तिने पूर्ण मिनिट मोजला होता. फोन केला होता. त्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगमध्ये होतो आणि मोबाइल सायलेंटवर होता. पीएचसीचा फोन बंद खोलीत वाजत राहिला. बाळ उशिरा आलं ते माझ्यामुळे, आणि बोलणी खाल्ली तिने. त्याच स्टाफसमोर मी तिची माफी मागितली, पण तेवढ्याने काही सुधारत नाही.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एका कागदावर लिहून काढलं: कोणता रुग्ण तिने स्वतः बघून औषध द्यायचं, कोणत्या रुग्णासाठी आधी फोन, आणि कोणाला काही न विचारता १०८ मध्ये बसवायचं. हा कागद पाचही उपकेंद्रांत भिंतीवर लागला. दुसरं, फोनला पर्याय ठरले. मी नाही तर दुसरे एमओ, तेही नाहीत तर ग्रामीण रुग्णालयातले ड्युटी डॉक्टर. त्यांना मी स्वतः भेटून हे कबूल करून घेतलं. तिसरं, दर मंगळवारी दुपारी ओपीडी संपली की सीएचओंनी आठवड्यातल्या अडलेल्या केसेस घेऊन यायचं आणि आम्ही एकत्र बसायचं. कधी दीड तास, कधी वीसच मिनिटं. चहा मात्र नक्की.

त्यातल्या एका मंगळवारी, जूनच्या सुरुवातीला, आम्ही सर्पदंशावर बोललो. मण्यार रात्री, बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय, उलटी होतेय म्हणून उठतो आणि लोक त्याला पित्त समजतात. विषाने पापण्या जड होतात आणि श्वास कमी पडतो, म्हणून मी त्यांना सांगितलं, पापण्या बघा, आणि एका श्वासात आकडे म्हणायला लावा.

जुलैत, भातलावणीच्या दिवसांत, पहाटे ५ वाजता १७ वर्षांच्या मुलाला त्याची आई त्याच सीएचओच्या क्वार्टरवर घेऊन आली. पोटात दुखतंय, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. अंगावर खूण नाही. तिने विचारलं, झोपला कुठे होतास? ओट्यावर, गोधडी टाकून. पापण्या जड. एका श्वासात तो ११ पर्यंतच गेला. तिने १०८ ला फोन लावला, मग मला. गाडी यायला वेळ होता म्हणून गावातली जीप काढली आणि स्वतः अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन त्याच्याबरोबर बसली. पीएचसीत आम्ही प्रतिविषाच्या १० बाटल्या सुरू केल्या, नंतर जिल्हा रुग्णालयात तो ४ दिवस व्हेंटिलेटरवर होता. आज तो द्राक्षबागेत कामाला जातो. ती मुलगी गावात राहत नसती, किंवा पित्ताची गोळी देऊन तिने त्याला घरी पाठवलं असतं, तर पुढचं तुम्हीच समजा. तेव्हापासून माझ्यासमोर कोणी "अर्धे डॉक्टर" म्हणालं तर मी ही केस सांगतो.

पण रोजचा फायदा अशा थरारक केसमध्ये नसतो, तो बीपीच्या गोळीत असतो. आमच्या भागात अमलोडिपिनची एक पट्टी आणायला माणसाचा दिवसाचा रोज बुडायचा, वर जीपचं भाडं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला जायचं? दोन महिने गोळी घेतली की बंद. मग पाच वर्षांनी अर्धांगवायू होऊन खाटेवरून आणायचे. उपकेंद्रात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायचं, निदान आणि गोळी एमओने ठरवायची, आणि पुढे दर महिन्याचं मोजमाप आणि औषध सीएचओने गावातच द्यायचं, या रचनेने माझ्या ओपीडीतली गर्दी कमी झाली आणि नियमित गोळी घेणारे वाढले. ऑक्टोबरात द्राक्षांच्या छाटणीला आमची अर्धी माणसं दिंडोरी-निफाडकडे जातात. आमच्या एका सीएचओने सप्टेंबरमध्येच पाड्यावर जाऊन कोण कधी जाणार याची यादी केली आणि मला विचारून प्रत्येकाबरोबर जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं, कारण पाड्यावरून कोण कधी निघतो हे माझ्या खुर्चीतून दिसतच नाही.

आता तुम्हाला ऐकवणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल. त्यांच्यावर राग धरू नका. तुमच्या उपकेंद्राच्या हद्दीत लोकसंख्या ३,००० च्या आसपास असेल, सपाटीवर ती ५,००० धरतात. त्यातल्या सर्दी-ताप-अंगदुखीवर त्यांचं घर चालतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना जाऊन भेटा. बीपी-शुगरच्या तपासणीत तुम्हाला सापडलेला माणूस त्यांचाच जुना रुग्ण असेल तर त्यांना कळवा. रात्री-अपरात्री गावात दुसरा हात तोच असतो, हे तुम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळेल.

आणि एक मोह आवरा, तो मी फार जणांच्यात पाहिला. लोक म्हणतील, "मॅडम सुई देत नाहीत, सलाईन लावत नाहीत, नुसत्या गोळ्या देतात." उपकेंद्र ओस पडेल अशी भीती वाटते आणि मग डायक्लोफेनॅकची वेदनाशामक सुई, डेक्सोना हे स्टिरॉइड, ताप म्हटला की अँटिबायोटिक, असं हळूहळू सुरू होतं. कृपा करून करू नका. सरकारी कार्यक्रमात उपकेंद्रातल्या नर्स आणि कर्मचाऱ्यांना औषध देता यावं म्हणून औषध नियमावलीच्या परिशिष्ट 'के'मध्ये सूट आहे, पण ती त्या कार्यक्रमाच्या चौकटीतली सूट आहे. यादीबाहेर पाऊल टाकलं की कायद्याचं छत्र डोक्यावरून जातं आणि एमओचा विश्वासही. स्टिरॉइडची एक सुई दिलेली चिठ्ठी बघितली की त्या सीएचओच्या पुढच्या शंभर चिठ्ठ्या डॉक्टर संशयानेच वाचतो. हे मी माझ्यावरून सांगतोय. लोकांचा ओढा यायला सहा-आठ महिने लागतात. गोळीने बीपी उतरलेली चार माणसं चावडीवर बोलायला लागली की तो येतो.

दुसरी नाजूक जागा म्हणजे तुमच्या उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे तिथली जुनी नर्स. ती तिथे कदाचित १५-२० वर्षं असेल, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली असतील, आणि तुम्ही २४ व्या वर्षी "अधिकारी" म्हणून तिच्यावर येणार. आमच्या एका उपकेंद्रात याच कारणाने वर्षभर दोन वह्या, दोन चाव्या आणि दोन गट चालले. डॉक्टर यात पडत नाहीत, पडायला हवं, मीही उशिरा पडलो. तिला सिस्टर म्हणा, पाड्यांवर तिच्याबरोबर फिरा, कोणत्या घरात कोण दारू पितो आणि कोणती सून माहेरी बाळंत होणार हे तिच्याकडून शिका.

ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेबद्दलही डॉक्टरांची एक खरी तक्रार आहे. महिनाअखेरीला आकडा भरायचा म्हणून लावलेला कॉल पहिल्या दहा सेकंदांत कळतो. "सर, सर्दी आहे, पॅरासिटामॉल देऊ?" असे एका दुपारी पंधरा कॉल आले की सोळावा, खरा अडलेला कॉलही तसाच ऐकला जातो. तुमच्यावर टार्गेटचा दबाव असणार, तो माझ्यावरही होता आणि तो चुकीचा आहे. तरी फोन कराल तेव्हा वय, किती दिवस, श्वास, नाडी, बीपी, ताप आणि "मला नेमकी भीती कशाची वाटतेय" हे एका दमात सांगा. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते ऐकलं की डॉक्टर खुर्चीत सावरून बसतो.

इंग्लंडचं म्हणाल तर तुलना थोडी बेतानेच करा. तिथला पॅरामेडिक म्हणजे मुळात अँब्युलन्सवर घडलेला, नोंदणीकृत व्यावसायिक. पुढचं शिक्षण घेतलेल्यांना २०१८ पासून औषध लिहिण्याचा अधिकारही आहे. त्यांना फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात घेण्यासाठी सरकार पगाराचा खर्च देतं. माझा एक वर्गमित्र तिथे खेड्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. तो सांगतो की घरी जाऊन वयस्कर रुग्ण बघण्यात त्याचा पॅरामेडिक त्याच्याइतकाच चांगला आहे, पण जुनाट, गुंतागुंतीचे आजार आणि एकाच वेळी दहा औषधं घेणारा रुग्ण यात पॅरामेडिकला मदत लागते. आणि दवाखाना संपल्यावर त्याच्या प्रत्येक केसवर बोलायला जो वेळ जातो, तो सुरुवातीला कोणी हिशोबातच धरला नव्हता. तिथल्या डॉक्टरांची कुरकुर ऐकली तर आमच्याच मंगळवारची आठवण येते. आपल्याकडचा फरक एवढाच की देखरेखीचा तो वेळ एमओच्या कामात कुठेच मोजला जात नाही. म्हणून तो एमओच्या स्वभावावर अवलंबून राहतो, आणि हा दोष तुमचाही नाही, त्याचाही नाही.

यातलं बरंचसं तुमच्या ठिकाणावर अवलंबून आहे. पीएचसी ६ किलोमीटरवर आहे की ३० वर, पावसाळ्यात फरशीपूल पाण्याखाली जातो का, नेटवर्क कुठल्या झाडाखाली येतं, एमओ कायम आहे की बंधपत्रावर वर्षभरासाठी आलेला नवा मुलगा आहे, औषधांचा साठा वेळेवर येतो का. नवा एमओ असेल तर त्यालाही धीर लागतो, तो तुमच्याइतकाच घाबरलेला असतो. अमलोडिपिन दोन महिने आलंच नाही तर तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी लोक यायचे थांबतील, तेव्हा साठा १५ दिवसांचा उरला की लेखी मागणी करा आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवा.

रुजू व्हायला जाल तेव्हा एमओंकडे एक कोरी वही घेऊन जा. पहिल्या पानावर त्यांच्याबरोबर बसून ते तीन रकाने लिहून घ्या: मी एकटी, फोन करून, ताबडतोब १०८. पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे दोन ओळींत परत कळवाल का, हे विचारा. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, कारण आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. मग वही मिटायच्या आधी अजून एक विचारा: "सर, रात्री तुमचा फोन लागला नाही, तर मी कोणाला करू?" जे नाव सांगतील ते नंबरसकट त्यांच्याच हाताने लिहून घ्या.